परतीच्या वाटेवरचे नवे घर
परदेशातून कायमचे परतणाऱ्या कुटुंबांपुढील प्रश्न

दरवर्षी ९ जानेवारी हा दिवस देशात प्रवासी भारतीय दिवस म्हणून पाळला जातो. १९१५ साली याच दिवशी महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईस परतले. त्या घटनेचे स्मरण म्हणून २००३ पासून हा उपक्रम सुरू झाला. ज्या दिवसाचे निमित्त एका परतीचे आहे, त्या दिवशीची चर्चा मात्र प्रामुख्याने दूर राहिलेल्यांचीच असते. त्यांनी पाठविलेला पैसा, त्यांनी मिळविलेली पदे आणि त्यांच्या गुंतवणुकीची अपेक्षा यांचा तेथे गौरव होतो. बिऱ्हाड गुंडाळून, मुलाबाळांसह कायमचे परत येणाऱ्या कुटुंबाचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार सुमारे साडेतीन कोटी भारतीय व भारतीय वंशाचे लोक परदेशात राहतात. त्यांपैकी दीड कोटीहून अधिक लोकांचे नागरिकत्व आजही भारतीय आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशातून भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. एवढी रक्कम जगातील अन्य कोणत्याही देशाला मिळाली नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या रकमेतील सर्वाधिक वाटा, म्हणजे २०.५ टक्के, महाराष्ट्राचा असल्याचे आढळले. केरळचा वाटा १९.७ टक्के होता. पैसा किती व कोठून आला याचा हिशेब असा दशांश चिन्हापर्यंत उपलब्ध आहे. माणसे किती परतली, याचा तितका नेमका हिशेब देशपातळीवर नाही.

अपवाद केरळचा. त्या राज्यात १९९८ पासून ठरावीक अंतराने स्थलांतराची स्वतंत्र पाहणी होते. २०१८ च्या पाहणीत परदेशातून परतलेल्यांची संख्या सुमारे १३ लाख होती, ती २०२३ च्या पाहणीत सुमारे १८ लाखांवर गेली. त्याच वर्षी परदेशात असलेल्या केरळीयांची संख्या सुमारे २२ लाख होती. म्हणजे गेलेल्यांच्या जवळपास बरोबरीने परत आलेल्यांचा समाज तेथे तयार झाला आहे. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे परत येणे ही काही तुरळक, भावुक घटना नव्हे, तर स्थलांतराचाच दुसरा अर्धा भाग आहे, हे ध्यानात येते.

दोन परती, दोन घरे

परतणाऱ्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला आखाती देशांतून येणाऱ्यांचा. तेथे कितीही वर्षे काम केले तरी सामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे परत येणे हे जाण्याच्या दिवशीच ठरलेले असते. अनिश्चित असते ती केवळ तारीख. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. करोनाच्या साथीत ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली आणि तिची पहिली विमाने अबुधाबी व दुबईहून केरळातच उतरली. अशा वेळी तारीख युद्ध ठरविते किंवा साथ ठरविते.

या वर्गाचे घर बहुधा आधीच बांधलेले असते. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांत, गोव्यात आणि मलबारात आखाती पैशांवर उभी राहिलेली घरे सर्वत्र दिसतात. ज्याने ते बांधले त्याने मात्र त्यात सुट्टीतले मोजके दिवसच काढलेले असतात. पत्नीने घर एकटीने चालविलेले असते, मुले फोनवरच्या आवाजाला वडील म्हणून ओळखत मोठी झालेली असतात. परतलेला पुरुष आपल्याच घरात काही काळ पाहुणा ठरतो. दरमहा येणारी रक्कम थांबते आणि तिच्याबरोबर त्याचे घरातील स्थानही बदलते. येथे नव्याने मांडावा लागतो तो संसार. भिंती तयारच असतात.

दुसरा वर्ग अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोप वा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांचा. यांची परत येण्याची कारणे संमिश्र आहेत. अमेरिकेत कायम वास्तव्याच्या परवान्यांवर प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा कित्येक वर्षांची झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याची घोषणा केली. या व्हिसाच्या लाभार्थींत सुमारे ७० टक्के भारतीयच असतात. अशा धक्क्यांनी ‘आणखी दोन वर्षांनी पाहू’ असे म्हणत राहिलेल्या घरांत निर्णय जवळ येतो. परंतु निमित्त व्हिसाचे असले तरी मूळ कारण पुष्कळदा घरातलेच असते: पुण्यात किंवा नागपुरात एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचे वय.

या वर्गाचे घर तयार नसते. दोन्ही वर्गांतील फरक सामानातही दिसतो. दुबई वा कुवेतहून येणारा घरगुती यंत्रे बरोबर आणू शकतो, कारण तेथील विजेचा दाब भारताशी जुळतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, येथे २३० ची; तेथील मिक्सर, ओव्हन, धुलाईयंत्र येथे निरुपयोगी. सागरी मार्गाने येणाऱ्या सामानात मग पुस्तके, पलंग, सायकली आणि मुलांची खेळणीच अधिक असतात. कस्टमच्या नियमांत वास्तव्य बदलून येणाऱ्यांना परदेशातील मुक्कामाच्या काळानुसार सवलत मिळते. तिचा लाभ घेण्यासाठी मात्र प्रत्येक वस्तूची यादी आणि प्रवासाच्या तारखांचा पुरावा लागतो.

गाव एकीकडे, घर दुसरीकडे

परतीचा विचार करताना मनात असते ते जन्मगाव; प्रत्यक्षात कुटुंब जाते ते नोकरीच्या गावी. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारतात उभारलेल्या स्वतःच्या सेवा-संशोधन केंद्रांची संख्या २०२४ पर्यंत १,७०० च्या वर गेली होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. ही केंद्रे बंगळूरू, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या परिसरात एकवटली असून बंगळूरूचा क्रमांक पहिला लागतो. साहजिकच सांगली वा अकोल्याहून अमेरिकेला गेलेले मराठी कुटुंब परतताना बंगळूरूच्या व्हाइटफील्डमध्ये किंवा हैदराबादच्या गच्चीबावलीत घर शोधताना आढळते. मायदेश तोच, परंतु शेजार, लिपी आणि भाजीवाल्याची भाषा नवीन.

घर मिळविणे ही पहिली परीक्षा. तेथे वीस वर्षे काढलेल्या माणसाकडे येथील पत्त्याचा ताजा पुरावा नसतो, येथील कर्जफेडीचा इतिहास नसतो आणि भाड्याचा करार करताना ओळख पटविणारा स्थानिक माणूसही नसतो. घरमालकाची अनामत रक्कम, गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत पत्र, पोलीस ठाण्यातील भाडेकरूची नोंद या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. आहार, धर्म आणि जात यांची चौकशी अनेक ठिकाणी आडवळणाने आजही होते. परदेशात आपल्या आडनावाचा उच्चार कोणालाच न येणे याची सवय झालेल्या माणसाला, येथे आडनाव ऐकताच समोरच्याने केलेला हिशेब विशेष बोचतो.

या अनुभवाला जुना इतिहास आहे. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी असल्याचे भासवून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दोन परिचितांनीही आश्रय देण्यास असमर्थता दाखविली आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना एका उद्यानात बसून राहावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. परदेशात मिळविलेली पदवी आणि मायदेशात मिळणारे छप्पर यांचा संबंध आपोआप जुळत नाही, हे त्याहून ठसठशीतपणे सांगणारे उदाहरण नाही. काळ पालटला, कायदे आले. तरीही घर कोणाला द्यावे याचा निर्णय आजही बव्हंशी बंद दाराआड होतो.

निवासी कोण, याची चार उत्तरे

घर लागल्यावर कागदपत्रांचा टप्पा येतो. येथे परतलेल्या व्यक्तीला कळते की ‘निवासी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कायद्यात वेगळा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा पाहतो हेतू: नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्यासाठी आलेला माणूस त्याच्या दृष्टीने निवासी होतो. त्यामुळे अनिवासी म्हणून उघडलेली बँकेतील खाती बदलून घ्यावी लागतात. परदेशात असताना कमावलेली मालमत्ता मात्र तेथे ठेवण्याची मुभा कायदा देतो. आयकर कायदा पाहतो दिवस. कोणत्या आर्थिक वर्षात किती दिवस देशात काढले, यावर त्याचा निर्णय अवलंबून असतो. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्यांना ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला’ असा लांबलचक दर्जा मिळतो. तो साधारणतः दोन-तीन वर्षे टिकतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्न बहुतांशी येथील करापासून मुक्त राहते.

तो काळ संपला की परदेशातील प्रत्येक खात्याचा आणि समभागाचा तपशील आयकर विवरणात द्यावा लागतो. त्यात चूक झाल्यास २०१५ च्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्यानुसार दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळता एकूण वीस लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून वगळण्यात आले, ही गोष्ट दिलासा देणारी. करबुडव्यांसाठी केलेल्या कायद्याच्या कक्षेत, तेथील निवृत्तिनिधीचे विसरलेले खाते असणारा प्रामाणिक पगारदारही येतो, हे त्यामागील कारण होते.

निवृत्तिवेतनाचीही अशीच गोष्ट. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा योजनेचा हक्क मिळण्यासाठी साधारणतः दहा वर्षांची कपात पूर्ण व्हावी लागते. आठ-नऊ वर्षांनी परतणाऱ्या भारतीय अभियंत्याच्या पगारातून कापलेली रक्कम त्यामुळे तेथेच राहते. जर्मनी, फ्रान्स, जपान आदी देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत; अमेरिकेशी वर्षानुवर्षे चर्चा होऊनही असा करार झालेला नाही.

तिसरे उत्तर ‘आधार’चे आणि चौथे मतदार यादीचे. भारतीय पारपत्र असलेल्याला परतताच ‘आधार’साठी अर्ज करता येतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला आधी १८२ दिवसांचे वास्तव्य दाखवावे लागते. मतदार यादीत रहिवासी म्हणून नव्याने नाव नोंदवावे लागते. एकाच घरातील चार माणसे या चार चाळण्यांतून चार वेगळ्या प्रकारे बाहेर पडतात. वडिलांनी नागरिकत्व बदललेले, आईचे भारतीय, थोरली मुलगी भारतात जन्मलेली आणि धाकटा मुलगा न्यू जर्सीत, अशी कुटुंबे दुर्मीळ नाहीत. भारताची राज्यघटना व नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. २००५ च्या दुरुस्तीने आलेले ‘ओसीआय’ कार्ड आजीवन व्हिसा देते. मतदानाचा किंवा शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार देत नाही. ज्या मुलाच्या आजोबांची सात-बारावर पिढीजात नोंद आहे, त्याला त्याच गावात एक गुंठा शेतजमीन विकत घेता येत नाही.

मुलांच्या शिक्षणावर याचा थेट परिणाम होतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारक विद्यार्थ्यांना वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने ठेवले व केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांपासून दूर केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही अधिसूचना पुढील काळापुरती लागू होईल असा निर्णय देऊन आधीच्या कार्डधारकांना संरक्षण दिले. त्यानंतर कार्ड मिळालेल्या मुलांच्या पालकांना मात्र, मूल दुसरीत असतानाच, त्याच्या बारावीनंतरचा विचार करावा लागतो.

शाळा आणि चौथी भाषा

परतलेल्या कुटुंबाचे खरे बस्तान बसते की नाही, हे अखेर मुलांवरून ठरते. अमेरिकेतील शाळा मे-जूनमध्ये सुटतात, म्हणून कुटुंबे जूनमध्ये येतात. केंद्रीय मंडळाच्या शाळा तर एप्रिलमध्येच भरलेल्या असतात. मूल वर्गात पाय ठेवते तेव्हा पहिली घटक चाचणी तोंडावर आलेली असते. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववी व अकरावीत होत असल्याने दहावी किंवा बारावीत थेट प्रवेश मिळणे कठीण असते. मूल आठवीच्या आत असताना परतावे, हा सल्ला परतलेल्यांच्या वर्तुळात इतका रूढ झाला आहे तो यामुळेच.

त्यापुढचा प्रश्न भाषेचा. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्ययन सक्तीचे करणारा कायदा केला. कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नडसाठी, केरळाने २०१७ मध्ये मल्याळमसाठी, तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगूसाठी असे कायदे केले होते. राज्याची भाषा राज्यात शिकविली जावी, ही अपेक्षा न्याय्यच आहे. परंतु बंगळूरूत उतरलेल्या मराठी मुलापुढे इंग्रजी, हिंदी आणि कन्नड एकाच वेळी उभ्या राहतात व मराठी चौथ्या स्थानी जाते, जिला वेळापत्रकात तास नाही.

यातील विरोधाभास लक्षणीय आहे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली एकत्र आली असून त्यांच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात. पालक तासभर गाडी हाकून मुलांना तेथे नेतात. असे मूल न्यू जर्सीत बाराखडी गिरवते आणि भारतात परतल्यावर, घराबाहेर तिचा उपयोग नसल्याने, ती विसरू लागते. परदेशात जी भाषा हट्टाने जपली, ती स्वदेशात सहज निसटते. कारण स्वदेशात ती आपोआप टिकेल असे गृहीत धरलेले असते.

पालकांच्या दृष्टीने ही घरवापसी असते. मुलांच्या दृष्टीने ते स्थलांतर असते. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हटले: आईवडिलांची एक, यजमान देशाची दुसरी आणि दोहोंमधील त्यांची स्वतःची तिसरी. गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये दाखवून दिले की परदेशात रुळताना जो चढउतार मनाला सोसावा लागतो, तोच परतल्यावर पुन्हा एकदा सोसावा लागतो. पहिल्या खेपेस माणूस सावध असतो. दुसऱ्या खेपेस ‘आपल्याच घरी तर आलो’ या समजुतीने बेसावध असतो, म्हणून तो अधिक लागतो. ‘तू तर इथलाच, मग एवढे कसे कळत नाही?’ हा प्रश्न परकीयाला कोणी विचारीत नाही, परतलेल्याला रोज विचारला जातो.

घरातील तोल

मोठ्यांचेही सर्व सुरळीत नसते. आईवडिलांसाठी परतलेला मुलगा बंगळूरूत आणि आईवडील साताऱ्यात, अशी स्थिती झाली तर अंतर विमानाच्या सोळा तासांवरून रेल्वेच्या एका रात्रीवर येते, एवढाच फरक. त्यांना आपल्याकडे आणले तर सत्तरीत त्यांचेही स्थलांतर होते. चाळिशी ओलांडलेल्यांना आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षा करावी लागते. २०२४ मध्ये विमा नियामकाने तिची कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली.

स्त्रियांच्या वाट्याला ही परत दोन्ही अर्थांनी येते. एच-४ व्हिसावर गेलेल्या उच्चशिक्षित पत्नींना २०१५ पर्यंत अमेरिकेत नोकरीची परवानगीच नव्हती, नंतर ती काहींना मिळाली. अशा स्त्रीला परतल्यावर कामाचा हक्क मिळतो, हा मोठा लाभ. त्याच वेळी मुलांचे प्रवेश, वृद्धांची सेवा आणि सणवार यांची जबाबदारीही तिच्याकडे येते. घरकामाला बाई मिळते, परंतु तेथे पती जी भांडी घासत असे ती येथे कोणी घासावीत, हा प्रश्न अनेक घरांत पहिल्याच महिन्यात येतो.

काय करता येईल

केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. परतलेल्यांना व्यवसायासाठी तीस लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पावर भांडवली अनुदान व व्याजात सवलत देणारी योजना तेथे आहे, प्रवासी कल्याण मंडळाचे निवृत्तिवेतनही आहे. तेथील व्यवस्थाही पुरेशी आहे असे नव्हे. परंतु परतणाऱ्याला एक दार तरी ठाऊक असते. केंद्राने २०२० मध्ये ‘वंदे भारत’ने परतलेल्यांच्या कौशल्यांची नोंद करण्यासाठी ‘स्वदेस’ नावाचा उपक्रम काढला होता. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ मधील चित्रपटाची आठवण करून देणारे हे नाव होते. चित्रपटाचा नायक परत येतो आणि कथा तेथे संपते. प्रत्यक्षात कुटुंबाची कथा तेथे सुरू होते.

परदेशी पैशाचा सर्वांत मोठा वाटा घेणाऱ्या महाराष्ट्राला केरळचा धडा गिरविणे अवघड नाही. परतणाऱ्यांची नियमित पाहणी, बँक, कर, ‘आधार’ व शाळा प्रवेश यांची माहिती एका ठिकाणी देणारे केंद्र, वर्षाच्या मध्यात येणाऱ्या मुलांना राज्याची भाषा शिकण्यासाठी दोन वर्षांचा सवलतीचा अवधी आणि राज्याबाहेरील मराठी मंडळांना शनिवारच्या शाळांसाठी साहाय्य, एवढ्या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. त्यांतून कोकणातल्या आखाती कामगाराचा विचार आधी व्हावयास हवा, कारण बंगळूरूच्या अभियंत्याजवळ सल्लागारास देण्याइतके पैसे असतात. दापोलीच्या सुताराजवळ नसतात.

जाणाऱ्याला निरोप देण्याची रीत या समाजाला चांगली ठाऊक आहे. विमानतळावर आजही सारे कुटुंब लोटते. येणाऱ्याचे स्वागतही पहिल्या आठवड्यात होतेच. कसोटी असते ती त्यानंतरच्या दोन वर्षांची, जेव्हा पाहुणचार संपलेला असतो आणि सवय झालेली नसते. त्या दोन वर्षांत शाळा, शेजार आणि सरकार यांनी थोडा हात दिला, तर भाड्याच्या त्या नव्या जागेचे घर होते. न दिल्यास, माळ्यावर ठेवलेल्या रिकाम्या बॅगा पुन्हा खाली उतरावयास वेळ लागत नाही.